उघाडीवरची जड बाई

माझ्या हाताखालून गेलेली पोरं अजूनही मला रस्त्यात बघितलं की बोलता बोलता सावध होतात. ‘नाय’ तोंडातून निम्मं बाहेर आलेलं असतं, ते गिळून ‘नाही’ म्हणतात. मला त्याचा फार अभिमान होता. पनवेलच्या एका शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवलं मी, आणि त्या बावीस वर्षांत लाल पेन काही हातातून सुटलं नाही. घरी लग्नपत्रिका आली तरी आधी शुद्धलेखन बघायची, मग मुहूर्त. नवरा म्हणायचा, "यमानं बोलावणं पाठवलं तर त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करून परत पाठवशील तू." पाठवीन की! चूक ती चूक.

तर अशा बाईची चूक एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीनं काढली. काढली म्हणजे, तिला ती काढायचीही नव्हती. तिला काम होतं.

आम्ही तेव्हा विचुंब्याला नुकताच फ्लॅट घेतला होता. गावात इमारती उठत होत्या. आमच्या गॅलरीतून एका बाजूला क्रेन दिसायची आणि दुसऱ्या बाजूला म्हशी. मी माहेरची साताऱ्याकडची. पनवेलला येऊन अठरा वर्षं झाली तरी खाडी बघितली होती ती पुलावरून जाताना, नाकाला पदर लावून. भरती-ओहोटी मी विरुद्धार्थी शब्दांत शिकवायची. परीक्षेत अर्ध्या मार्काला विचारायची. माझा आणि दर्याचा संबंध एवढाच.

आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी पाय मोडून घरी पडल्या होत्या. त्यांचं गाव उरणच्या रस्त्याला, आत खाडीकडे. इतकी वर्षं त्या माझ्या टेबलावर न मागता चहा ठेवायच्या, आणि मी एकदाही त्यांच्या घरी गेले नव्हते. म्हटलं, गणपती होऊन जाऊ देत, मग बघून यावं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शाळा होती, पण मी किरकोळ रजा टाकली, डझनभर वेलची केळी घेतली आणि सकाळी साडेआठला स्कूटर काढली.

त्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर. एकेक बाजूनं गेला की स्कूटरसकट मी हलायची. वैतागून एका टपरीपाशी थांबले आणि गावाचा रस्ता विचारला.

टपरीवाला म्हणाला, "रस्त्यानं फेरा पडेल, बाई. इथून बांध लागतो, बांधावरून सरळ गावात निघाल. पण पाणी भरायच्या आत जा हां."

"मला कुठं पाणी भरायचंय? आमच्याकडं पहाटेच येतं," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मी स्कूटर वळवली.

बांध म्हणजे खाडीच्या कडेनं घातलेला मातीचा उंच वरंबा. त्याच्या एका अंगाला खाडीचा चिखल आणि तिवरांची झाडं, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर भातशेती. गौरी बसल्यापासून पाऊस लागून होता, त्यामुळे शेतांत ढोपरभर पाणी, आणि त्या पाण्यातून वर आलेल्या लोंब्या. भात नुकतं निसवलं होतं. एवढं हिरवं बघून मलासुद्धा बरं वाटलं. तेवढ्यात स्कूटरचं मागचं चाक चिखलात बसलं.

मी अॅक्सिलरेटर पिळला तसं ते आणखी बसलं. दोन-तीनदा पिळून पाठीपर्यंत चिखल उडवून घेतल्यावर मी हाक मारली, "कुणी आहे का?"

"हाय," असा बारीक आवाज आला तो बांधाच्या पोटातून.

दहा पावलांवर बांध मधेच तुटलेला होता. तुटलेला म्हणजे तसा बांधलेला. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये दारासारखी फट, वरून जायला एक अरुंद सिमेंटची फळी. फटीतून शेतातलं पाणी जोरात खाडीकडं वाहत होतं. आणि त्या पाण्यात मांडीपर्यंत उभी राहून एक पोरगी दगडाच्या खाचेतला गाळ हातानं उकरून काढत होती. अंगात बापाचा किंवा भावाचा जुना शर्ट, केस डोक्यावर बांधलेले, बाहीच्या वरपर्यंत काळा चिखल.

ती वर आली, स्कूटर बघितली, मला एका शब्दानं काही विचारलं नाही. बांधावर पडलेला गवताचा भारा ओढला, दोन्ही हातांनी चाकाखाली कोंबला, मागं जाऊन उभी राहिली. "आता हलू हलू द्या," म्हणाली. मी दिला. स्कूटर निघाली. मी थँक्यू म्हणायला वळेपर्यंत पोरगी पुन्हा पाण्यात.

इथं मी जायला हवं होतं. पण माझ्यातली बाई गप्प बसेल तर ना! शाळेच्या वेळेत पोर शाळेबाहेर दिसलं की माझं डोकं फिरतं.

"शाळा नाही का गं तुला आज?"

"हाय की. दार लावते नी जाते."

"कसलं दार?"

"उगारीचा." तिनं त्या फटीकडं मान केली. उघाडी हा शब्द मला नंतर कळला. भरती आली की बंद करायचं आणि ओहोटीला उघडायचं, ते बांधातलं दार. "पानी थांबला का दार लावाचा. नाय तं खारा पानी शेतात जाल."

"गेलं तर?"

"भात करपनार." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. "आता दुदात हाय ना, दाना भरतोय. सगल्या गावचा भात जाल. दोन-तीन वर्सा मग जमिनीत काय नाय व्हत."

"मग आत्ताच लावून टाक आणि जा शाळेत!"

"आत्ताच लावला तं शेतातला पानी जानार कवा? पानी थांबाला पायजे." तिनं गवताची एक काडी तोडून वाहत्या पाण्यात टाकली. काडी सुर्रकन खाडीकडं गेली. तिनं दुसरी हातात धरली.

बांधावर जाड फळ्या ओळीनं मांडून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक फळीच्या टोकाला कोयत्यानं पाडलेल्या खुणा, एक, दोन, तीन. कोणती आधी, कोणती नंतर, त्याच्या. बाजूला चिखलाची ढेपं थापून रचून ठेवली होती, पावाच्या लाद्यांसारखी. हे सगळं हिनं एकटीनं कधी केलं असेल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला दुसराच पडला.

"हे काम पोरीचं आहे का? बाबा कुठंयत तुझे?"

"खाडीत. भांगात तोच करतो दार. भांगात आसला का घरातच आसतो."

मला यातलं एवढंच ऐकू आलं: भांग. माझ्या कपाळाची शीर उडाली.

"किती वेळ असतो?"

"चार-पाच दिस. घरातच पडून आसतो."

"चार-पाच दिवस! आणि आई काही बोलत नाही?"

"आयस काय बोलनार? तिला बी बरा वाटतो. बापूस भांगात आसला का तिला बाजारात जावा लागत नाय."

अरे देवा! म्हटलं, काय घर आहे का धर्मशाळा! बाप चार दिवस भांगेत लोळतोय, आईला त्याचं बरं वाटतंय आणि हे एवढंसं पोर गावाचं शेत सांभाळतंय. आणि तशा संतापातही, सवय कुठं जाते, मी तिला म्हटलं, "भांगात नाही म्हणायचं. भांगेत. भांग स्त्रीलिंगी असते. ती भांग. भांगेत."

तिनं मान वर केली. "आमी भांगातच बोलतो, बाय."

"चुकीचं बोलता."

तिनं काडी पाण्यात सोडली. काडी गेली, पण मघापेक्षा सावकाश. तिनं तिसरी तोडली.

मग मी सुरू झाले. शिक्षण म्हणजे काय, नशा म्हणजे काय, मुलीचा जन्म म्हणजे काय. बाबांना मी बघून घेते, मला पत्ता दे, तुझ्या शाळेचं नाव सांग, बस मागे, आधी तुझ्या घरी जाऊ. वर्गात माझ्या बोलण्यापुढं पंखासुद्धा हळू फिरतो असं पोरं म्हणायची. ही पोरगी मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. पाण्याकडं बघत होती. हूं नाही की चूं नाही. मला तो उर्मटपणा वाटला. मी बांध उतरून खाली गेले, तिची चिखलाची हनुवटी धरली आणि तिचं तोंड माझ्याकडं वळवलं.

"मोठं माणूस बोलत असताना त्याच्या डोळ्यांत बघावं," मी म्हटलं.

तिनं बघितलं. चांगली मुलगी होती, सांगितलेलं ऐकलं. आणि मी तिचे डोळे माझ्या डोळ्यांत अडकवून बराच वेळ बोलले. किती वेळ ते आज नक्की सांगता येणार नाही, पण पाण्याला पुरला तेवढा.

"बाय, सोरा!" ती एकदम ओरडली.

काडी परत येत होती. खाडीकडून शेताकडं.

त्यानंतर मी जे बघितलं ते तोपर्यंत कुठल्या मोठ्या माणसातही बघितलं नव्हतं. ती रडली नाही, माझ्यावर चिडली नाही, इकडंतिकडं धावली नाही. पहिली फळी दोरानं ओढत आणली, तिरकी करून पाण्यात सोडली, दोन्ही टोकं दोन्ही भिंतींच्या खाचांत बसवली. ती तळाला गेली. दुसरी फळी तशीच. पण आता पाण्याला जोर चढला होता. तिसरी फळी खाचेत शिरली आणि निम्म्यावर अडकली. पाणी तिला बाजूनं असं दाबून धरत होतं की ती वर येईना आणि खालीही जाईना. पोरीनं दगड घेऊन ठोकलं. मग वर चढून फळीवर उड्या मारल्या. तिच्या उड्यांनी फळीला काय होणार? अंगात वजन म्हणून नव्हतंच. फळीच्या खालून खारं पाणी पांढरा फेस काढत शेतात चाललं होतं.

"मी ओरडू का? कुणाला तरी बोलवू?" मी म्हटलं.

"कोन हाय ऐकाला? बाप्ये खाडीत, बाया पनवेलला मासली इकाला. गनपती गेलं, आज लोका मासली खानार ना." हे बोलतानाही तिचा दगड चालूच होता. मग हात थांबला. तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, बाजारात भोपळा बघावा तसं.

"बाय, तुमी जड हाव."

"काय?"

"जड हाव तुमी. हिकरं या. फलीवर उबी रावा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी बोललं नव्हतं. नवऱ्याचीही छाती झाली नव्हती. पण तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, अपमान नव्हता. तिला वजन हवं होतं आणि ते माझ्याकडं होतं. मी चपला काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, देवाचं नाव घेतलं आणि दगडी भिंतीला धरून त्या फळीवर उतरले. फळी कर्रकन आवाज करून खाली बसली.

"बसली!" पोरगी म्हणाली. तिला तेव्हा झाला तेवढा आनंद माझ्या कुठल्याही धड्यानं कुठल्याही पोराला झाल्याचं मला आठवत नाही.

चौथी फळी तशीच बसवली. मग आतल्या बाजूची दुसरी रांग, ती बाहेरच्यापेक्षा दोन फळ्या उंच, तिथंही मीच. मी चढायची, फळी उतरायची. "आता या टोकाला. आता त्या टोकाला. हलू नको, बाय. हलू नको बोलते ना!" अशी ती मला ओरडत होती, आणि मी निमूट ऐकत होते. दोन्ही रांगा बसल्यावर मला बाहेरच्या फळीवर उभं केलं, कारण पाणी खालून तिला उचलायला बघत होतं, आणि ती मधल्या पोकळीत चिखल भरायला लागली. ढेप उचलायची, दोन फळ्यांच्या मध्ये टाकायची, पायानं तुडवायची. टाकायची, तुडवायची. प्रत्येक ढेप तिच्या डोक्याएवढी. मी मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढं सोडून दिलं. कुठं गळतंय ते ती कान लावून ऐकायची. बोट घालून चाचपायची. तिथं गवत कोंबायची, वर पुन्हा चिखल. एकदाही घाईनं काही टाकलं नाही. इतकी घाई असताना!

खाडी चढत होती. मघाशी जिथं उघडा चिखल होता तिथं आता तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. माझ्या घोट्यांना पाणी लागलं, मग पोटऱ्यांना. माझी दातखीळ बसायची वेळ आली. तशातही माझं तोंड काही बंद नव्हतं.

मी म्हटलं, "एवढं सगळं तू करतेस, आणि तुझा बाप भांग पितो. लाज कशी वाटत नाही त्याला?"

तिचा पाय चिखलात थांबला. "प्येतो? काय प्येतो?"

"भांग. तूच म्हणालीस ना मघाशी."

मग तिला उलगडलं, आणि ती जी हसायला लागली, ती त्या चिखलातच बसली. हसता हसता नाकाला चिखल लागला. मी वर फळीवर, उतरायची सोय नाही.

"बाय, माजा बापूस तंबाकू बी नाय खात! भांग म्हंजे पानी. पुनवेला नी आवसला उदान. पानी जाम चढतो, जाम उतरतो. आज पुनव नाय का? तवा मासली येते, म्हनून बापूस खाडीत. नी सातम-आठमला पानी सुस्त पडतो, धर चढत नाय, धर उतरत नाय. तो भांग. तवा जाल्यात काय येत नाय. म्हनून भांगात बापूस घरा."

भांगात. तो भांग. पुल्लिंगी.

ती बरोबर बोलली होती. शब्द बरोबर, लिंग बरोबर, विभक्ती बरोबर. भांगेत नव्हे, भांगात. तिचा काना बरोबर होता, आणि मी त्यावर माझी मात्रा चढवायला गेले होते. ज्या भाषेचा मी पगार घेत होते त्या भाषेतला हा शब्द, माझ्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर रोज बोलला जाणारा, मला ठाऊक नव्हता. आणि ठाऊक नसताना मी तो तपासला होता, चूक ठरवला होता, आणि त्या जोरावर एका राबणाऱ्या माणसाला नशेबाज करून टाकलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"आसू दे," ती म्हणाली आणि ढेप उचलली. "तुमचा गाव खाडीवर नाय ना. तुमाला कसा म्हायीत आसल?"

एवढ्या उदारपणे मी कधी कुणाचा पेपर तपासला असेल तर शपथ.

भरती पुरी व्हायला साडेबारा वाजले. पाणी माझ्या गुडघ्याखाली येऊन थांबलं, फळ्या हलेनाशा झाल्या, तेव्हा तिनं मला उतरू दिलं. मी बांधावर बसकण मारली. ती मात्र कोरड्या बांधावर बसलीसुद्धा नाही. सरळ शेतात उतरली. उघाडीजवळच्या पहिल्या खाचरात बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकली. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा. मग पुढच्या खाचरात, मग त्याच्या पुढच्या. असं चाखत चाखत ती बरीच लांब गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"फुडं गोडा हाय," ती म्हणाली. मागचं काही म्हणाली नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

मग तिनं तिवराच्या एका उंच फांदीवरून काहीतरी काढलं. दप्तर होतं. त्याच्यावर शाळेचा गणवेश, घडी घालून, चिखल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती सकाळी सगळी तयारी करून आली होती. दहाला दार लावायचं, साडेदहाला चिखल भरून व्हायचा, पाय धुऊन अकराला शाळा. उधाणाच्या दिवसांत तिचं हे असंच ठरलेलं होतं, आणि ती कधी चुकत नव्हती.

तिनं उन्हाकडं बघितलं. "आज खाडा झाला," म्हणाली.

खाडा तिचा, पण पाडला कुणी? तासभर तिला शाळेचं महत्त्व समजावणाऱ्या बाईनं. मग तिनं मला सहज विचारलं, त्यात टोमणा नव्हता, "तुमची नाय का शाळा आज?"

"आहे," मी म्हटलं. "मी रजा टाकलीये."

ती मान हलवून हसली. मी म्हटलं, शिपाई मावशींकडं निघाले होते, आणि केळ्यांची पिशवी तिच्यापुढं धरली. तिनं दोन घेतली, एक स्वतःला आणि एक आईला, बाकीची परत दिली. "शिपाई आजीला न्या. त्यांचा पाय मोडलाय," म्हणाली. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक.

त्या दिवशी मावशींच्या घरी मी चिखलानं माखून गेले. त्यांनी पलंगावरून बघितलं आणि पाय मोडलेला विसरून उठायलाच लागल्या. मी म्हटलं, बांधावर पडले. पूर्ण खरं सांगायची हिंमत झाली नाही.

शाळेत मी कुणाला काही बोलले नाही. पण पोरांच्या वह्या तपासताना हात अडायला लागला. एका पोरानं निबंधात ‘आमच्या बांधाला खांड पडली’ असं लिहिलं होतं. एरवी मी त्या खांडीखाली लाल रेघ ओढून वर ‘खिंड’ लिहिलं असतं. त्या वेळी पोराला टेबलापाशी बोलावलं आणि विचारलं, "खांड म्हणजे काय रे?" पोरगं आधी घाबरलं. मग बांध फुटून पाणी आत घुसतं त्याला खांड म्हणतात, असं त्यानं मला हातवारे करून पाच मिनिटं सांगितलं. तेव्हा कळलं की शाळेत कधी तोंड न उघडणारं हे पोर बोलू शकतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शिपाई मावशी काठी टेकत कामावर आल्या. आल्या आल्या माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि चहाबरोबर एक कापडी पिशवी. नवा तांदूळ. पायलीभर असेल.

"त्या उघाडीवरच्या पोरीनं दिलाय. जड बाईला द्या बोलली," मावशी म्हणाल्या, आणि हसू दाबायला त्यांनी तोंडाला पदर लावला. "तुम्ही फळीवर उभ्या राहिलात म्हणून गावचा भात वाचला, असं सांगत फिरते ती."

"सगळा वाचला ना?" मी विचारलं.

मावशींचं हसू मावळलं. "गावचा वाचला. त्यांचा स्वतःचा तुकडा दाराला लागून आहे ना, पहिलाच. त्याचा कोपरा करपला. बापानं विचारलं तिला, काय गं, इतक्या वर्षांत कधी नाही, यंदाच कसा उशीर झाला? तर म्हणाली, माझी नजर हलली."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही. नजर हलली, एवढंच. दोन दिवस जेवली नाही नीट."

मी चहा बाजूला सारला. ती हनुवटी माझ्या हातात होती. ती नजर मी हलवली होती, मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघावं म्हणून. आणि पोरीनं घरी ते सांगितलं नाही. माझं वजन तेवढं सांगितलं. मी मावशींना तिथंच, शिक्षकांच्या खोलीत, सगळं सांगून टाकलं. नजर तिची नाही हलली, मी हलवली, तिच्या बापाला सांगा, आजच सांगा. बोलता बोलता रडायला आलं आणि मी रडले. बाकीचे शिक्षक बघत होते. बघू देत.

मावशींनी पदराच्या गाठीतून एक घडी काढून दिली. "हे राहिलंच. चिठ्ठी आहे."

वहीचं फाडलेलं पान होतं, पेन्सिलनं लिहिलेलं, अक्षर टपोरं आणि ओळीत.

‘बाय, भात वाचला. पेज करुन खा गोड लागतो. तुमी भांगात या. बापूस घरी आसतो तो तुमाला खाडी दाकवेल.’

माझ्या पुढ्यात वह्यांचा ढीग होता आणि हातात लाल पेन होतं. मी त्याला टोपण लावलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि अष्टमी कधी आहे ते बघितलं.